चार इस्पिक आणि शुभंकरोती

आमच्या आईचं माहेर पेडण्याचं. तिच्या माहेरी गणेशचवथीचे दिवस सोडले तर घरात पत्त्यांना हात लावायचा नाही अशी रीत, आणि लग्न होऊन डिचोलीला आली तर इथे दर आयतवारी, म्हणजे रविवारी, सोप्यावर चार माणसं मेजाभोवती बसून पत्ते कुटतायत! "सकाळी देवाची पुजा करतत, दीसभर बोटिकेत बसतत, आणि आयतवार इलो की ह्यां खूळ," असं ती बाबांबद्दल शेजारणीला सांगायची. बोटिक म्हणजे औषधांचं दुकान. आमचं बाजारात होतं. मुदत संपलेली गोळी बाबा दुकानात ठेवत नसत, आणि एखाद्या टॉनिकाचा काही उपयोग नाही असं वाटलं तर गिऱ्हाइकाला तोंडावर तसं सांगत. गावात वाद झाला की लोक म्हणत, "बोटिकेतल्या भाईंना विचारा, ते खोटं सांगायचे नाहीत." बाबांच्या या नावाची मला केवढी घमेंड! शाळेत मैत्रिणीने शपथ घ्यायला सांगितलं की मी म्हणायची, आमच्या घरात शपथ लागत नाही.

आयतवारी घर वेगळंच ऐकू यायचं. एरवी खाणीचे ट्रक दिवसभर घरासमोरून धडधडत जायचे आणि जनेलाच्या गजांवर, केळीच्या पानांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर तांबडी धूळ बसायची. आयतवारी ट्रक थांबायचे, मग पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू पार वळणापलीकडून ऐकू यायचा आणि आई परडं घेऊन उंडे आणायला दारात उभी राहायची. दुपारी सुंगटांचं हुमण, तळलेली मुडदुशी, वर सोलकढी. जेवणं झाली की आई भांड्यांचा जरा जास्तच आवाज करी, कारण तिला माहीत असायचं की आता मेज पुसलं जाणार. बाबा बोटिकेतून आणलेली पावडर पत्त्यांवर भुरभुरायचे, म्हणजे दमट हवेत पानं एकमेकांना चिकटत नाहीत. अजून मला कुठे लहान बाळाच्या पावडरचा वास आला की आधी इस्पिकचा एक्काच आठवतो, बाळ नंतर.

चौघं म्हणजे बाबा, मी, बाबांची बहीण रजनीआते आणि शेजारचे शाबूकाका. बाबांचे जुने जोडीदार बदली होऊन वास्कोला गेले, तेव्हा अकरावीतल्या मला त्यांनी आपल्या समोरच्या कदेलावर बसवलं. आते आणि शाबूकाका आमच्याविरुद्ध. शाबूकाकांना चांगली पानं आली की त्यांचे कान लालबुंद व्हायचे. आते कपाळावर हात मारून म्हणायची, "शाबू, तुझे कान आधी टोपयेत घाल मगे खेळ!" आणि सगळे हसायचे. बाबा मात्र हसत नसत. ब्रिजमध्ये जोडीदाराला सांगायचं ते बोलीने आणि पानाने सांगायचं. कान, डोळे, उसासे, थांबणं, घाई करणं यांतून काही सांगायचं नाही, आणि समोरच्याने सांगितलं तरी ऐकायचं नाही. बाबा ही गोष्ट देवळाच्या नियमासारखी पाळत, निदान मी तरी तसंच धरून चालले होते.

ज्यांना ब्रिज येत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगते, नाहीतर पुढचं सगळं वाया. पानं वाटल्यावर आधी बोली लागते, तेरातले सहा हात धरून त्यावर आपण आणखी किती करू याची; चार म्हटलं की दहा हात करायचे. एखाद्याकडे एकाच रंगाची सात-आठ पानं असतात आणि बाकी सगळा खडखडाट. असा माणूस पहिल्याच फटक्याला उंच उडी मारतो: "चार इस्पिक!" त्याचा हेतू हा की पुढच्याची वाट अडवावी. त्याच्या शेजारी बसलेल्याची मग खरी पंचाईत. गप्प बसावं, की पाचापर्यंत चढावं, की "डबल" म्हणावं? डबल म्हणजे, हे तुला जमायचं नाही, आणि नाही जमलं तर दुप्पट भर. पण जमलं तर दुप्पट आपण भरायचं. आमचं ठरलेलं होतं: चार बदामवर माझा डबल आला तर बाबांनी काहीतरी बोलावं, आणि चार इस्पिकवर आला तर गप्प राहून मारायला बसावं, कारण इस्पिक सगळ्यांत वरचा, त्याच्यावर बोलायचं तर पाचाच्या घरात जावं लागतं. "चार इस्पिकवर उगीच डबल करू नको," बाबा म्हणायचे. "तुझ्या हातातले तीन हात तुला उघड दिसले पायजेत, एक माझ्याकडे असात असा धर. नुसतां राग इलो म्हणान डबल करूक नाय."

अशी उडी कुणी मारली की पुढच्याने थोडं थांबायचं असतं, पानं असोत नसोत, सारखंच थांबायचं. म्हणजे तो अडलाय की नाही हे कुणाला कळत नाही. पण थांबायचं किती? शाबूकाका कधी झटकन पास म्हणायचे, कधी इतका वेळ घ्यायचे की आते चहा करून परत यायची. शेवटी बाबांनी तोडगा काढला. उडी आली की पुढच्याने मनातल्या मनात एकदा शुभंकरोती म्हणायचं आणि मगच बोलायचं. जगात दुसऱ्या कुठल्या घरात ब्रिज असा खेळला गेला असेल असं मला वाटत नाही. आईला हे कळलं तेव्हा तिचा विरोध निम्मा झाला. "निदान देवाचां नांव तरी घेतत," ती म्हणाली, आणि त्या आयतवारी चहाबरोबर गोड मणगणं आलं.

वर्षभर आम्ही दोघं कुणाला हार गेलो नाही. म्हापशाला खेळलो, पणजीला खेळलो. माझ्या डबलचं तर नावच झालं. मी चार इस्पिकवर डबल करायची. कधी बाबा गप्प राहायचे आणि समोरचे दाणकन पडायचे, कधी बाबा ठरलेलं सोडून स्वतः पाच बोलायचे आणि तेच बरोबर निघायचं. लोक म्हणायचे, बापलेकीची एक नाडी आहे. मला वाटायचं, मीच ती नाडी. वर्गात मी गणितात काठावर पास होत होते आणि इथे पिकल्या केसांची माणसं येऊन मला विचारत, "तू त्या डावात डबल कसा काय केलास ग?" मी खांदे उडवायची. काय शहाणपणा तो! आज आठवलं तरी कानशिलं गरम होतात.

मग साखळी गावची स्पर्धा आली. बक्षीस एक पितळेची समई, चांगली गुडघ्याएवढी. शेवटच्या फेरीत आमच्यासमोर डॉक्टरीणबाई बसल्या, साखळीच्या जुन्या डॉक्टरांच्या पत्नी. केस पांढरे, आवाज मऊ, आणि तालुक्यातल्या अर्ध्या लोकांना त्यांनीच हा खेळ शिकवलेला. त्यांच्याबरोबर त्यांचा भाचा होता. सकाळच्या फेरीतही आम्ही त्यांच्याशी एकदा खेळलो होतो. तेव्हा मी चार इस्पिकवर डबल केला होता, हातात इस्पिकचा राजा, गुलाम आणि बाहेर दोन एक्के. विचार करण्यासारखं काही नव्हतंच, शुभंकरोती म्हटलं आणि डबल. बाबा गप्प राहिले, ते पडले. आता संध्याकाळच्या शेवटच्या डावात डॉक्टरीणबाईंनी परत चार इस्पिक म्हटलं आणि माझी वेळ आली. हातात इस्पिकचं एकुलतं एक पान, पण बाकी तिन्ही रंगांत कुठे एक्का, कुठे राजा. पास म्हणवेना, पाच म्हणायला हक्काचा रंग नाही. शुभंकरोती कुठलं आठवतंय? मी नुसती पानांकडे बघत राहिले. शेवटी म्हटलं, "डबल," आणि मान वर केली. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. पानांकडे बघत नव्हते, माझ्या तोंडाकडे. मग त्यांनी डोळे खाली घेतले आणि म्हणाले, "पाच बदाम."

पाच बदाम झाले. चार इस्पिकही त्यांचे झाले असते, म्हणजे बाबा गप्प राहते तर समई त्यांचीच होती. डॉक्टरीणबाईंनी पानं खाली ठेवली आणि पंचांना हाक मारली. आवाज अजिबात चढवला नाही, त्यानेच मला जास्त भीती वाटली. "उडी मारली की ही मुलगी काहीतरी पुटपुटते," त्या म्हणाल्या. "सकाळी पुटपुटली आणि डबल केला, तेव्हा भाई हातात बदामाची पाच पानं असून गप्प बसले. आत्ता ओठ हलले नाहीत, आणि भाई बोलले. मुलीचा दोष नाही. पण भाईंना विचारा, त्यांना दिसलं का?"

पंच पणजीहून आलेले होते, आम्हाला ओळखत नव्हते. त्यांनी विचारलं, "मुलीकडे बघून बोललात काय?" बाबा म्हणाले, "नाही. माझ्याकडे बदामाची सहा पानं होती. मी माझी पानं बघत होतो." पंच घुटमळले. तेवढ्यात मागून डिचोलीचाच कुणीतरी बोलला, "अहो, भाई खोटं बोलायचे नाहीत. साऱ्या गावाला विचारा." झालं. पंचांनी मान हलवली, डॉक्टरीणबाईंनी हात जोडले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला लाज वाटली. अशी की पायाखालची फरशी मोजत उभी राहिले. कुणाची लाज वाटली, बाबांची की माझ्या या दीडदमडीच्या तोंडाची, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. आजही नीटसं येत नाही.

बसमधून येताना समई वर्तमानपत्रात गुंडाळून बाबांच्या मांडीवर होती. एरवी परतीच्या वाटेवर ते एकेक डाव उकलून सांगायचे, मी पेंगायला लागले तरी सांगायचे. त्या दिवशी कारापूर गेलं, डिचोलीचा तिठा आला, ते समईवरचं वर्तमानपत्रच सारखं करत राहिले. घरी आई मात्र हरखून गेली. तिने लगेच चिंच लावून समई घासली, तेल घातलं, पाच वाती लावल्या आणि मला हाक मारली, "ये गो बाय, शुभंकरोती म्हण." मी हात जोडले आणि तोंडच उघडेना. आई म्हणाली, "काय गो, जीभ विसरलंस साखळीक?" बाबा सोप्यावरून उठले आणि परसात विहिरीकडे निघून गेले. विहिरीवर त्या वेळी काही काम नव्हतं.

मी खोलीत जाऊन आरशासमोर उभी राहिले. म्हटलं, बघू तरी. मनात शुभंकरोती म्हणायला लागले आणि आरशातल्या मुलीचे ओठ हलायला लागले, अगदी स्पष्ट, बहिऱ्यालाही वाचता येईल असे. मग शेवटच्या डावातली पानं डोळ्यांपुढे आणली आणि करू काय, करू काय असा विचार केला. ओठ बंद. म्हणजे हे असं होतं तर! सोपं असलं की मी देवाचं नाव घ्यायची, अडलं की विसरायची. बाबा वर्षभर माझ्या तोंडावर वाचत होते की हा डबल पक्का की कच्चा. पक्का असला तर गप्प, कच्चा असला तर उचलून घेत. म्हापसा, पणजी, पिकल्या केसांची माणसं, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मी कसली खेळाडू! मी नुसतं एक तोंड होते. लपवायला केलेला नियम आणि त्यानेच सगळं उघडं पाडलं, याचं हसू यायला बरीच वर्षं गेली. त्या संध्याकाळी मी उशीत तोंड खुपसून रडले आणि आईने विचारलं तर दाढ दुखते म्हणून सांगितलं. बाबांनी ते ऐकलं, आणि बोटिकेतून लवंगेचं तेल मात्र आणून दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आई वाती करायला बसली तेव्हा बाबा म्हणाले, "ती नको. जुनीच लाव." आईने त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि जुनी समई पुढे ओढली. समई देवघराच्या कोपऱ्यात परत वर्तमानपत्रात गेली. मी येताजाता तिकडे बघायची नाही. जेवताना बाबांच्या आणि माझ्या नजरा भेटल्या की दोघंही आमटीकडे बघायचो. मला त्यांचा राग येत होता, आणि राग येतोय याची वेगळी लाज वाटत होती. गावभर जे नाव मी मिरवलं, त्याच नावाच्या जोरावर ते खोटं खपलं, हे मला विसरता येईना.

पुढच्या आयतवारी सकाळी बाबांनी समई काखेत मारली आणि मला म्हणाले, "चल, साखळीक जावंया." आईने उंबऱ्यातूनच विचारलं, "समय खंय व्हरतात?" "जेची तेका," बाबा म्हणाले. आई उंबऱ्यातून बाजूला झाली. मला वाटतं तिला तेवढ्यात सगळं कळलं.

डॉक्टरीणबाई ओट्यावर बसून वाल सोलत होत्या. त्यांनी "या, बसा" म्हटलं, पण बाबा बसले नाहीत. उधारी मागायला आलेल्या गिऱ्हाइकासारखे ते पायरीवर उभे राहिले. असे उभे राहिलेले बाबा मी कधी बघितले नव्हते, बघवतही नव्हतं. "बाई, माका दिसलां होतां," ते म्हणाले. "त्या दिवशीच न्हय. वर्षभर दिसता. आधी माझां माकाच कळला नाय. मगे कळला, पण डोळे आवरले नाय." बाई शेंगा सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "भाई, मला समई नको होती हो. त्या दिवशी हॉलात एक 'हो' म्हणाला असता तर पुरे होतं." "तां आता माझ्या हातात नाय," बाबा म्हणाले. "तुमी कोणाकय सांगा. कोणी विचारला तर मीय सांगतलंय."

बाई माझ्याकडे वळल्या. "आणि काय ग, त्या डावात डबल करताना तुझ्या मनात काय होतं?" मला खरं तर काहीतरी शहाण्यासारखं सांगायचं होतं. एक्के होते, राजे होते. पण तोंडातून निघालं ते असं: "माका कळत नव्हतां. म्हटलां, बाबा आसत सांभाळूक." बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. काखेतली समई त्यांनी ओट्यावर ठेवली, वर्तमानपत्राची घडी केली आणि खिशात घातली. बाईंनी आम्हाला चहा दिला. आम्ही तो उभ्याउभ्याच प्यायलो.

त्या दुपारी जेवण झाल्यावर बाबांनी आईकडे एक जुनं लुगडं मागितलं. "माझां लुगडां कित्याक तुमका?" ती म्हणाली, पण दिलं. जनेलाच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत त्यांनी मेजावरून तिरकी दोरी बांधली आणि तिच्यावर लुगडं टाकलं, खाली पानं सरकवण्यापुरती फट ठेवून. आता एका बाजूला मी आणि शाबूकाका, दुसऱ्या बाजूला बाबा आणि आते. मला बाबा दिसेनात, बाबांना मी. शाबूकाका आले आणि दारातच थबकले. "भाई, दशावतार आसा काय आज?" बाबांनी पत्ते पिसायचे थांबवले. "साखळीक मी खोटां बोललंय," ते म्हणाले. "पोरीच्या तोंडार बघून खेळलंय. आजपासून असोच खेळ." शाबूकाकांचे कान लाल झाले. आतेच्या हातातला उंडा बशीत परत गेला. आत आईची भांडी वाजत होती तीही थांबली.

आता मी मोबाईलवर खेळते. समोर कुणी बेळगावचा असतो, कुणी कुठला, कुणाला कुणाचं तोंड दिसत नाही. नातू म्हणतो, आजी, तू एकटीच खेळताना तोंडावर हात का धरतेस? मोठाल्या स्पर्धांची चित्रं येतात त्यात, आणि तिथे जोडीदारांच्या मध्ये तिरका पडदा असतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आईचं ते जांभळं लुगडं आठवलं आणि चष्मा काढावा लागला. बाबांना हे कुठून सुचलं कोण जाणे. त्यांनी कुठे बघितलं असण्याची शक्यता नाही.

त्या दुपारी तिसऱ्या की चौथ्या डावाला शाबूकाका म्हणाले, "चार इस्पिक!" मी ओठ मिटून शुभंकरोती म्हटलं, मग हातातली पानं बघितली. दोन एक्के, एक राजा, इस्पिकची दोन किरकोळ पानं. तीन हात उघड दिसत होते, चौथा बाबांकडे असेल नसेल. समोर जांभळं लुगडं. पलीकडे कोण काय बघतंय, कुणी भुवई उचललीय का, काही नाही. एवढं एकटं मला त्या मेजावर कधीच वाटलं नव्हतं. कच्चा निघाला तर उचलून घ्यायला कुणी नाही. पास म्हणणं सोपं होतं. मी तीन हात परत मोजले आणि म्हणाले, "डबल."

लुगड्यापलीकडून बराच वेळ काही आलं नाही, शुभंकरोतीएवढा वेळ. मग बाबा म्हणाले, "पास."

बाबांकडे एकही हात नव्हता. शाबूकाकांनी माझा राजासुद्धा कापला आणि ठरल्यापेक्षा एक हात जास्तच केला, वर दुप्पट. आते टाळ्या वाजवायला गेली आणि मध्येच थांबली. मी खाली मान घालून वाट बघत बसले. आठवडाभराची सगळी लाज परत तोंडावर आली, आणि बरं झालं, ती कुणाला दिसत नव्हती.

"हरलंव गो बाय," पलीकडून बाबांचा आवाज आला. साखळीनंतर पहिल्यांदाच त्यात हसू होतं. "पण आज आपण खेळलंव."

लुगड्याखालून त्यांचा पावडरने पांढरा झालेला हात आला आणि त्यांनी पत्ते माझ्याकडे सरकवले. वाटायची पाळी माझी होती.